वळिवड्याची छावणी आणि कॅसिनोचा डोंगर

मंडळी, मी जासईचा. १९८४च्या जानेवारीत आमच्या भागातले शेतकरी जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्यामुळे जमीन जाणं म्हणजे काय, हे आमच्याकडे पोरासोरांनाही समजावून सांगावं लागत नाही. आज मी सांगणार आहे ती एका सैन्याची गोष्ट, ज्याच्या जवानांचा सारा मुलूखच गेला होता.

सुरुवात आपल्या कोल्हापुरातून करू. शहराजवळ वळिवडे म्हणून गाव आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. ओळीनं बराकी, शाळा, चर्च, सगळं होतं. पण त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. मग कर्ते पुरुष कुठे होते? त्यातले बरेच जण इटलीत, जनरल अँडर्स यांच्या दुसऱ्या पोलिश कोअरमध्ये लढत होते.

सप्टेंबर १९३९मध्ये पश्चिमेकडून हिटलरनं आणि पूर्वेकडून स्टालिननं पोलंड गिळलं. पूर्वेकडच्या लाखो लोकांना रशियानं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. १९४१मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा कुठे तुरुंगांची दारं उघडली. खुद्द अँडर्स मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगातून बाहेर आले. उपाशी, आजारी, अंगावर चिंध्या अशा माणसांतून त्यांनी फौज उभी केली आणि १९४२मध्ये बायकामुलांसह लाखाहून जास्त माणसं कास्पियन समुद्रावरून इराणमध्ये आणली. सैनिक पुढे इराक, पॅलेस्टाईनकडे गेले. कुटुंबं पांगली. काही आफ्रिकेत, काही आपल्याकडे. (या फौजेबरोबर एक अस्वलही होतं. लोकांना नेमकं तेच आठवतं, म्हणून त्याचं कौतुक आज बाजूला ठेवतो.)

इटलीत मॉंटे कॅसिनोचा मठ उंच डोंगरावर. रोमचा रस्ता तिथून दिसतो आणि जर्मनांनी तो डोंगर धरून ठेवला होता. मे १९४४मध्ये चौथा हल्ला झाला. खाली नदी ओलांडायला आपली आठवी भारतीय डिव्हिजन होती, वर डोंगरावर पोलिश. पहिला हल्ला फसला, माणसं ढिगानं पडली. दुसऱ्यानंतर, १८ मेच्या सकाळी, मठाच्या अवशेषांवर पोलंडचा झेंडा लागला.

पुढच्या वर्षी, ९ एप्रिल १९४५ला, सेनिओ नदीवर पुन्हा हेच शेजारी. वरच्या अंगाला पोलिश कोअर, खाली मराठा पलटण. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव त्या पलटणीत रनर होते. दोन जखमींना त्यांनी पाण्यातून, सुरुंगांतून मागे आणलं, मग एकट्यानं मशीनगनची ठाणी उडवली आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २१ एप्रिलला पोलिशांनी बोलोन्या घेतलं.

पण मला थांबावंसं वाटतं ते फेब्रुवारी १९४५पाशी. याल्टाला तीन मोठ्या नेत्यांनी नकाशावर रेघ ओढली आणि पूर्व पोलंड रशियाकडे गेला. या सैनिकांतल्या बहुतेकांची गावं रेघेच्या पलीकडे. ज्या घरासाठी लढायचं, ते लढाई चालू असतानाच गेलं. तरीही दोन महिन्यांनी ही माणसं सेनिओ ओलांडायला उभी राहिली. जमीन गेलेल्या गावात वाढूनही मला हे पुरतं उमगलेलं नाही. जिंकलेल्या बाजूचे असूनही बहुतेक जण परत गेलेच नाहीत. अँडर्स १९७०मध्ये लंडनला वारले आणि त्यांच्या जवानांशेजारी, कॅसिनोलाच पुरले गेले.

वळिवड्यातली कुटुंबंही हळूहळू निघाली, बरीचशी इंग्लंडला, आपल्या माणसांकडे. बराकी रिकाम्या झाल्या, पण फार दिवस नाही. फाळणीत घरदार गमावलेले सिंधी तिथे आले आणि त्यांनी वस्ती उभी केली. लग्नाच्या कापडखरेदीला आपण ज्या गांधीनगरला जातो, ते हेच.