आधी अडचण, मग अवजार
(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



कृषी पदवीच्या अंतिम वर्षाची मुले ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी आपल्या गावात येतात. माती नमुना, बीजप्रक्रिया यांची प्रात्यक्षिके करतात, वही भरतात आणि परततात. प्रात्यक्षिके उपयोगाची आहेतच. पण विषय आम्ही विद्यापीठात ठरवून पाठवतो, आपल्याला विचारून नव्हे.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात याच्या उलट बाजूने सुरुवात करणारा एक अभ्यासक्रम आहे. या रीतीला ‘डिझाइन थिंकिंग’ म्हणतात. नाव जड, गोष्ट साधी. माणसाच्या दारात जाऊन अडचण पाहायची, स्वस्त कच्चा नमुना करून त्याच्याच हातात द्यायचा, आणि तो नाक मुरडेल तिथे मोडून पुन्हा करायचा.

या अभ्यासक्रमातून पीटर फ्राइकमन हा यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी इथिओपियात गेला. तेथील लहान शेतकऱ्यांकडे पाणी थोडे आणि ठिबक संच आवाक्याबाहेर. खर्च कशात आहे ते पाहिले, तर जाड नळ्या, प्रत्येक झाडापाशी ड्रीपर आणि दाब देणारा पंप. मग ड्रीपरच वगळला. पातळ नळीला लेसरने एकसारखी बारीक छिद्रे पाडली आणि उंचावरच्या टाकीच्या दाबावर पाणी सोडले. २००८ मध्ये यातून ‘ड्रिपटेक’ कंपनी निघाली. पुढे तिने पुण्यात कार्यालय थाटले आणि खोक्यातून संच विकले. २०१५ मध्ये जळगावच्या जैन इरिगेशनने तिचा भारतातील व्यवसाय घेतला.

हा संच सर्वांसाठी, असे मी म्हणणार नाही. पातळ नळी जाड लॅटरलइतकी टिकत नाही. कमी दाबावर चढ-उताराच्या रानात पाणी सारखे पडत नाही, आणि बारीक छिद्रे चोंदतात, म्हणून गाळणी हवीच. सपाट जमिनीवरील १०-२० गुंठे भाजीपाल्याला मात्र तो जमतो. ऊस-फळबागेचा हिशेब वेगळा.

यंदा मुले आली की त्यांना चहा जरूर द्या, पण त्याबरोबर आपली एक नड द्या. उदाहरणार्थ, ठिबकच्या शेवटच्या ओळी सुकतात का? मग मुलांना सकाळी रानात न्या. लॅटरलच्या सुरुवातीच्या, मधल्या व शेवटच्या ड्रीपरखाली भांडे ठेवून १० मिनिटांचे पाणी मोजू द्या. शेवटी फारच कमी भरले, तर गाळणी, उतार, लॅटरलची लांबी यांपैकी दोष कशात आहे ते त्यांनी आपल्यासमोर शोधावे. आकडे वहीत लिहून घ्या आणि मुलांच्या मार्गदर्शक प्राध्यापकांना दाखवा.