‘माझ्या हातात नव्हतं’
(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मेंदूचा डॉक्टर नाही, आलिमही नाही. आज मला एकाच वाक्याबद्दल बोलायचं आहे: ‘माझ्या हातात नव्हतं.’

लहानपणी हे वाक्य मामूंच्या तोंडून ऐकलं. जेवणावरून भांडण झालं आणि त्यांनी एका दमात तीनदा तलाक म्हटलं. मुमानी दोन मुलांना घेऊन माहेरी गेली. दुसऱ्या दिवशी मामू अम्मीपुढे रडत होते, ‘रागात निघून गेलं तोंडातून, माझ्या हातात नव्हतं. नशिबातच होतं.’ नशिबाला कोण जाब विचारणार? मामूंनाही कोणी विचारला नाही.

पुढे मी शिकलो आणि तेच वाक्य विज्ञानाच्या भाषेत बोलू लागलो. दोन वर्षांपूर्वी रागाच्या भरात धाकट्या भावाला थप्पड मारली. वर त्याला बेंजामिन लिबेट यांचा प्रयोग ऐकवला. १९८३ साली लिबेट यांनी लोकांना वाटेल तेव्हा मनगट हलवायला सांगितलं, आणि ‘आता हलवू’ असं कधी वाटलं ते फिरत्या ठिपक्याच्या घड्याळावर पाहायला लावलं. मेंदूतली विद्युत हालचाल कृतीच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधी सुरू होत होती. माणसाला इच्छा जाणवत होती ती जेमतेम २०० मिलिसेकंद आधी. म्हणजे ठरवतो मेंदू, मला फक्त उशिरा कळतं!

भावाने शांतपणे विचारलं, ‘भाईजान, मॅनेजर ओरडतो तेव्हा तुमच्या मेंदूला थांबायचं कसं कळतं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी अर्धवट सोडलेलं वाचन पूर्ण केलं. खुद्द लिबेट यांचं म्हणणं होतं की शेवटच्या क्षणी कृती रोखण्याची मुभा जाणिवेकडे राहते. २०१२ साली आरोन शूर्गर आणि सहकाऱ्यांनी तर वेगळाच खुलासा मांडला: आधी दिसणारी ती हालचाल म्हणजे झालेला निर्णय नसून मेंदूतल्या सततच्या चढउतारांचा परिणाम असू शकतो. आणि विनाकारण मनगट हलवणं कुठे, बायकोला घराबाहेर काढणं कुठे! घरी मी घड्याळ लावून पाहिलं. तलाक हा शब्द तीनदा उच्चारायला सुमारे दोन सेकंद लागतात. २०० मिलिसेकंदांच्या दहापट.

मेंदू खरोखर हतबल होतो अशीही उदाहरणं आहेत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन शिक्षकाच्या प्रकरणात लैंगिक विकृती मेंदूतल्या गाठीबरोबर आली, गाठ काढल्यावर गेली, गाठ पुन्हा वाढली तशी परतली. अशा माणसाला आपण वेगळा न्याय लावलाच पाहिजे. पण गाठ माणूस बघून गप्प बसत नाही. माझा राग मॅनेजर बघून गप्प बसतो.

हा वाद आपल्या परंपरेला नवा नाही. उमय्या राजवटीत कदरिया म्हणत, माणूस आपल्या कर्माला स्वतः जबाबदार आहे. सगळंच अल्लाहच्या मर्जीने होत असेल तर खलिफाचा जुलूमही त्याच्याच मर्जीचा ठरतो, हे सोयीचं उत्तर त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्यातल्या दमास्कसच्या घैलानला खलिफा हिशामच्या काळात मृत्युदंड झाला. ‘नशीब’ हा शब्द सत्तेच्या किती कामाचा असतो बघा! घरातली सत्ताही सत्ताच.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. नशीब म्हणून गप्प बसायला त्या तयार नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तलाक रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी. मधली ५१ वर्षं कोणाकोणाच्या हातात होती, हा प्रश्न आहेच.

माझा स्वभाव मी निवडला नाही, हे मान्य. मामूंचा राग बघत वाढलो, तो माझ्यात उतरला असेल. पण तो उतरलाय हे कळल्यानंतरचे दिवस तर माझेच आहेत. आता आवाज चढला की मी खोलीबाहेर जातो. नेहमी जमत नाही. भावाची माफी मागितली, ‘बघू’ म्हणाला. मुमानीकडे अजून गेलेलो नाही. त्या दिवशी मी दारातच उभा होतो, पण लहान होतो. नंतरची वीस वर्षं लहान नव्हतो.

प्रश्न असतील तर विचारा.