ओळखीचे भांडवल आणि आजचा तरुण

सातारा व सांगली जिल्ह्यांचा पूर्व भाग पर्जन्यछायेचा. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांतील अनेक कुटुंबांनी शेतीला आधार म्हणून सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय पत्करला. जुने दागिने वितळवून त्यांतील शुद्ध धातू वेगळा काढण्याचे कसब घेऊन विटा परिसरातील माणसे देशभरातील सराफ बाजारांत स्थिरावली. यासाठी कोणी जाहिरात दिली नव्हती. आधी गेलेला चुलता पुतण्याला बोलावून घेई. पुतण्या काही वर्षे हाताखाली काम शिके, पुढे दुसऱ्या शहरात स्वतःचे दुकान मांडी आणि मागाहून आणखी कोणाला तरी नेई. मुंबईत गेलेल्या सातारा जिल्ह्यातील माथाडी कामगारांची कथाही वेगळी नाही. गाववाल्याची खोली हा नवख्याचा पहिला आसरा आणि गाववाल्याचा शब्द हीच त्याची पहिली शिफारस असे.

ओळख हे भांडवलच होय, हे या भागाला कोणी नव्याने शिकविण्याची गरज नाही. परंतु या भांडवलाला एक मर्यादा होती. चुलत्याच्या ओळखीने पुतण्याला बहुधा चुलत्याचाच धंदा मिळे. आज त्याच घरातील मुलगी सांगलीच्या किंवा कराडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. पुण्याच्या कोणत्या कारखान्यात तिच्या शिक्षणाला वाव आहे, हे चुलता सांगू शकत नाही. घरात प्रथमच पदवी घेणाऱ्या अशा मुलामुलींची अडचण गुणांची नसून ओळखीची असते.

दूरच्या ओळखीचे बळ

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एका निबंधात असे दाखविले की, नोकरीची वार्ता पुष्कळदा जिवलगांकडून नव्हे, तर जुजबी परिचयाच्या माणसांकडून मिळते. कारण उघड आहे. जवळच्यांना ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. दूरचा मनुष्य वेगळ्या वर्तुळात वावरतो. २००३ मध्ये सुरू झालेल्या लिंक्डइन या व्यावसायिक परिचयाच्या संकेतस्थळावर पुढे सुमारे २ कोटी सदस्यांच्या बाबतीत हा विचार पडताळून पाहण्यात आला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार अगदी निकटच्या ओळखींपेक्षा काहीशा दूरच्या ओळखीच नोकरी बदलण्यास अधिक उपयोगी ठरल्या.

नाव नोंदविणे पुरेसे नाही

तथापि अनेक तरुण अशा ठिकाणी नाव नोंदवितात आणि गरज पडेपर्यंत तिकडे फिरकत नाहीत. पेरणी न करता सुगीची वाट पाहण्यासारखेच हे आहे. आपल्या माहितीत केवळ ‘नोकरीच्या शोधात’ असे लिहिण्यापेक्षा आपण काय केले, ते नेमके लिहावे. कोणते यंत्र हाताळले, कोणता प्रकल्प पूर्ण केला, त्यातून काय साधले, हे चार ओळींत सांगता येते. प्रथम आपल्याच महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांशी परिचय करावा. परिचयाची विनंती पाठविताना आपण कोण व कशासाठी लिहीत आहोत, हे दोन वाक्यांत नमूद करावे. पहिल्याच पत्रात नोकरी मागू नये. त्यांच्या कामाविषयी एखादा प्रश्न विचारावा. आठवड्यातून दोनदा अर्धा तास दिला तरी पुरे. इतरांच्या लेखनावर विचारपूर्वक मत द्यावे आणि मदत करणाऱ्याचे आभार मानण्यास विसरू नये. इंग्रजी साधे असले तरी चालते. पण ते स्वतःचे असावे.

याच्या जोडीला केंद्र शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय करिअर सेवेच्या संकेतस्थळावर विनामूल्य नोंदणी करावी. नोकरी देण्यासाठी आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून सावध राहावे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

मागच्याला हात

ओळख दार उघडते. आत गेल्यावर कस कामाचाच लागतो, हे गलाईवाल्यांना वेगळे सांगावे लागत नाही. त्यांच्या परंपरेचे खरे मर्म मात्र आणखी एका गोष्टीत आहे. जो पुढे गेला, त्याने मागच्याला बोलावून घेतले. आज पुणे, बंगळूर किंवा परदेशात स्थिरावलेल्या सातारा-सांगलीच्या अभियंत्याला गावाकडील एखाद्या अपरिचित विद्यार्थिनीचे पत्र आले, तर त्याने त्यास उत्तर द्यावे. नवखेपणी त्यालाही कोणीतरी वाट दाखविलीच होती.