घुमट बांधणारी शाळा

१९६०च्या दशकात अमेरिकेत रूढ समाजव्यवस्था नाकारणाऱ्या तरुणांची जी प्रतिसंस्कृती उदयाला आली, तिच्या संगीताची चर्चा पुष्कळ झाली. तिची वास्तुकला मात्र पोरखेळ ठरवली गेली, आणि हा तिच्यावर अन्यायच होय. कॅलिफोर्नियातील सांताक्रूझच्या डोंगरात वसलेल्या पॅसिफिक हायस्कूल या मुक्त शाळेत, म्हणजे ठरीव अभ्यासक्रमाची सक्ती नसलेल्या शाळेत, लॉईड कान यांच्या मार्गदर्शनाखाली १७ घुमट उभारले गेले आणि ते बांधणारे विद्यार्थीच त्यांत राहू लागले.

हे घुमट जिओडेसिक पद्धतीचे होते. बकमिन्स्टर फुलर यांना १९५४ मध्ये ज्याचे अमेरिकन पेटंट मिळाले, त्या या रचनेत गोल पृष्ठभाग त्रिकोणांच्या जाळ्यात विभागला जातो, आणि बाजूंची लांबी कायम असेतो त्रिकोणाचा आकार बदलत नसल्याने हलक्या दांड्यांतूनही भक्कम कवच उभे राहते. असा घुमट पाहताना नजर त्याच्या गोलाईवर न रेंगाळता सांध्यांवर ठेवावी. बहुतेक सांध्यांत सहा दांड्या एकत्र येतात, पण काही मोजक्या ठिकाणी पाचच येतात, आणि वक्रतेचे सारे रहस्य या पाचांत आहे. कारण सहा समभुज त्रिकोण एका बिंदूभोवती सपाट बसतात, परंतु त्यांतला एक काढून उरलेले जोडले, की त्यांना उंचवटा धरावाच लागतो. नेहमीच्या अर्धगोल घुमटात असे सहा बिंदू असतात. ते सापडले, की गुंतागुंतीचे जाळे समेवर आल्यासारखे उलगडते. हातात करवत घेऊन ही भूमिती शिकणाऱ्याला तिची शिस्तही कळते, कारण एका दांडीचे माप चुकले तर ती चूक सांध्यासांध्यांतून पुढे सरकते.

आत भिंत आणि छत असा भेद उरत नाही, आणि कोपरेच नसल्याने पुढची-मागची बाजूही ठरत नाही. एलएसडीसारख्या द्रव्यांतून जाणिवेच्या सीमा ओलांडू पाहणाऱ्या पिढीला हे अखंड अवकाश का भावले असेल, याचा अंदाज तेथे येतो. रांगेतल्या बाकांचा वर्ग तर अशा जागेत बसतच नाही.

या अनुभवावर कान यांनी १९७० मध्ये 'डोमबुक वन' आणि १९७१ मध्ये 'डोमबुक टू' ही पुस्तके काढली. पुढे सांध्यांतली गळती, आयताकृती प्लायवूडमधून त्रिकोण कापताना वाया जाणारा माल आणि गोल जागेत आडभिंती घालण्याची अडचण ध्यानात आल्यावर, उत्तम खप असतानाही त्यांनी दुसऱ्या पुस्तकाची छपाई थांबवली. हा प्रांजळपणा त्या घुमटांइतकाच मोलाचा आहे. १९७३ मध्ये निघालेल्या त्यांच्या 'शेल्टर' या पुस्तकात झोपड्या, तंबू आणि धान्याची कोठारे यांच्या बरोबरीने घुमटालाही जागा मिळाली, पण जगातल्या अनेक निवाऱ्यांपैकी एक म्हणून.