हसण्याची मजुरी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मे १९६४ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात जॅक्सन येथे गेले असता एका उपाहारगृहात त्यांना प्रवेश नाकारण्यात आला, आणि तेथून हलण्यास त्यांनी नकार दिला म्हणून पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले, ही हकीकत आपल्या चळवळीतल्या जुन्या मंडळींना तोंडपाठ आहे. अमेरिकन सरकारने दिलगिरी व्यक्त केली तेव्हा ‘ती माझ्यापाशी नको, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी करा’ अशा आशयाचे उत्तर लोहियांनी दिले, हेही आपण अभिमानाने सांगत असतो. पण या हकीकतीची एक बाजू आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. ज्या व्यवस्थेखाली लोहियांना त्या दारात अडवले गेले, तिला अमेरिकेत ‘जिम क्रो’ म्हणत. हा जिम क्रो कोणी कायदेपंडित नव्हता, गव्हर्नर नव्हता, सेनापतीही नव्हता. ते एका विनोदी नाचगाण्यातले सोंग होते.

१८३० च्या सुमारास टॉमस राइस नावाचा एक गोरा नट जाळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून, फाटके कपडे अंगावर चढवून, वेडावाकडा नाच करीत एका काळ्या माणसाची नक्कल करू लागला. लोक पोट धरधरून हसले. पाहता पाहता हा धंदा फोफावला. १८४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशा काळे तोंड केलेल्या गोऱ्या नटांची एक मंडळीच उभी राहिली आणि पुढची काही दशके हा अमेरिकेतला सर्वांत लोकप्रिय करमणुकीचा प्रकार ठरला. १८४० च्या आसपास मॅसॅच्युसेट्समधल्या रेल्वेत कृष्णवर्णीयांना वेगळ्या डब्यात बसवत, त्या डब्याला लोक जिम क्रोचे नाव देऊ लागले होते. हे राज्य उत्तरेतले, गुलामगिरी केव्हाच मोडीत काढलेले. पुढे १८९६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या डब्यांवर आपल्या मान्यतेचा शिक्का मारला. तो पुरता पुसून टाकणारा नागरी हक्कांचा कायदा लोहियांच्या अटकेनंतर काही आठवड्यांनी झाला.

विनोदाने वर्णभेद जन्माला घातला, असे माझे म्हणणे नाही. मी जन्मभर अर्थशास्त्र शिकवले. गुलामगिरीचे गणित कापसाच्या शेतात आणि कापडाच्या गिरण्यांत मांडले जात होते, हे मला ठाऊक आहे. पण या करमणुकीला जागा भाड्याने कोण देत होते यापेक्षा समोरच्या बाकांवर कोण बसत होते, हे पाहण्यासारखे आहे. उत्तरेतल्या शहरांतले गोरे कारागीर, गोदीतले हमाल, नुकतेच बोटीतून उतरलेले आयरिश मजूर हा तिचा मोठा प्रेक्षकवर्ग. यंत्राने हातातली कला चाललेली, मजुरी तुटपुंजी, मुकादम वाटेल तेव्हा घरी बसवणार. दिवसभर अपमान गिळलेला हा माणूस संध्याकाळी चार पैसे टाकून आत जाई आणि बाहेर पडताना त्याला वाटे, आपल्या खालीही कोणीतरी आहे.

अमेरिकेतील थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी यादवी युद्धानंतरच्या काळावर १९३५ मध्ये एक मोठा ग्रंथ लिहिला. दक्षिणेतल्या गोऱ्या मजुराला रोख मजुरी कमी मिळत असली तरी तिच्या जोडीला त्याला एक सामाजिक आणि मानसिक मजुरी मिळत होती, असा सिद्धांत त्यात आहे. लोक त्याला मान देत, बागा त्याला खुल्या, पोलीस त्याच्याच जातकुळीचे. मालकाला या मजुरीपायी एक पैसाही मोजावा लागत नव्हता. ती परस्पर काळ्या माणसाच्या खात्यातून वळती होत होती. त्यामुळे गोरा आणि काळा मजूर एका संघटनेत कधी धड आलेच नाहीत. माझे प्रतिपादन एवढेच आहे की, काळे तोंड केलेल्या नटाने मिळवून दिलेला हशा हाही याच मजुरीचा एक हप्ता होता.

वंशावरचा विनोद कोठे विनोद राहतो आणि कोठे अवमान होतो, हा प्रश्न आज फार विचारला जातो. त्याची जी उत्तरे सहज दिली जातात, ती मला पटत नाहीत. ‘लेखकाचा हेतू पाहा’ असे म्हणतात. ठीक आहे, पाहू. बी.बी.सी.वर १९६६ ते १९७५ या काळात जॉनी स्पाइटने लिहिलेली एक मालिका गाजली. तिचा नायक आल्फ गार्नेट हा लंडनच्या पूर्व भागातला कष्टकरी, तोंडाळ, काळ्यांवर आणि परदेशी माणसांवर अखंड आग पाखडणारा. स्पाइट स्वतः डाव्या विचारांचा, भूमिका करणारा वॉरन मिचेल ज्यू आणि तोही डावा. आल्फच्या अडाणी द्वेषाला लोकांनी हसावे, हा त्यांचा हेतू निर्मळ होता. त्याच काळात, एप्रिल १९६८ मध्ये, स्थलांतरितांविरुद्ध विषारी भाषण करणाऱ्या इनॉक पॉवेलला पाठिंबा द्यायला लंडनच्या गोदी कामगारांनी पार्लमेंटवर मोर्चा काढला. मालिकेमुळे मोर्चा निघाला असे कोणी म्हणणार नाही. पण रस्त्यात आल्फला गाठून ‘तू खरे बोलतोस’ म्हणणारे भेटत, हे तो नट पुढे सांगत असे. याच मालिकेवरून अमेरिकेत १९७१ मध्ये ‘ऑल इन द फॅमिली’ ही मालिका आली. व्हिडमार आणि रोकीच या दोन संशोधकांनी तिच्या प्रेक्षकांचा अभ्यास करून १९७४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांच्या मनात आधीच पूर्वग्रह होते, त्यांना तिचा नायक आर्ची बंकर हास्यास्पद वाटतच नव्हता. तो शहाणा आणि जिंकणारा वाटत होता. तेव्हा लेखकाचा हेतू हा लेखकाच्या खिशात राहतो. प्रेक्षक आपली मजुरी आपण मोजून घेतो.

दुसरे उत्तर असे की, स्वतःच्या समाजावर त्या समाजातल्या माणसाने विनोद केला तर तो क्षम्य. यातही तथ्य आहे, पण अर्धेच. बर्ट विल्यम्स हा विसाव्या शतकाच्या आरंभीचा अमेरिकेतला श्रेष्ठ विनोदी नट. हा स्वतः कृष्णवर्णीय होता, आणि तरीही रंगभूमीवर येताना त्याला आपल्या चेहऱ्यावर बुचाची काजळी फासावी लागे. त्याचा खरा चेहरा पैसे टाकून आलेल्या प्रेक्षकाला चालत नव्हता. त्याला ठरलेलेच सोंग हवे होते. काळ्या माणसाने काळ्याचे सोंग घ्यायचे! बी.बी.सी.ने तर काळी तोंडे केलेल्या गोऱ्या गायकांचा कार्यक्रम १९५८ ते १९७८ अशी वीस वर्षे चालवला. तो बंद करावा म्हणून १९६७ मध्ये अर्ज गेला, तरी कार्यक्रम पुढे अकरा वर्षे चालला. त्याच्या रंगमंचावरील प्रयोगांत लेनी हेन्री हा कृष्णवर्णीय पोरगा नट सत्तरच्या दशकात काम करीत होता. त्याला पुढे त्याचा किती खेद वाटला, हे त्यानेच सांगितले आहे.

उलट बाजूचे उदाहरण डेव्ह चॅपेलचे. या विनोदी नटाने २००५ मध्ये सुमारे ५ कोटी डॉलरचा करार टाकून आपला कार्यक्रम अर्ध्यावर सोडला. पुढच्या वर्षी त्याने कारण सांगितले. वर्णद्वेषाची टर उडवण्यासाठी तो जुन्या सोंगासारखे काळे तोंड करून एक प्रवेश वठवत होता, तेव्हा चित्रीकरणाच्या जागी एक गोरा माणूस अशा तऱ्हेने हसला की, हा आपल्या विनोदाला हसत नसून आपल्यालाच हसतो आहे, असे चॅपेलला वाटले. सांगणारा तोच, हेतू तोच, पण खोलीतले एक हसू बदलले. त्याच्या बाकीच्या मतांविषयी आज वाद आहेत आणि ते मला येथे उकरायचे नाहीत. पण त्या एका दिवशी त्याने हशाचा हिशेब आम्हा अर्थशास्त्रज्ञांपेक्षा अचूक केला.

‘भावना दुखावल्या’ हे तिसरे उत्तर तर आपल्या देशात निव्वळ घातक ठरले आहे. भावना सर्वांनाच असतात आणि बलवंताच्या फार लवकर दुखावतात. तमाशातला सोंगाड्या पाटलाची आणि सरकाराची फजिती करतो, तेव्हा पाटलाच्या भावना दुखावतातच. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिले, त्यात विदूषकाच्या तोंडून भटजीचे पितळ उघडे पाडले. त्यानेही कोणाच्या तरी भावना दुखावल्या असतील. पण त्या विनोदाने कोणा भटजीची दक्षिणा, घर किंवा अब्रू हिरावून कोणाला वाटून दिली नाही. ज्या जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केले, त्यांना हे दोन प्रकार एकाच तागडीत घातलेले खपले नसते. इंग्लंडमधील भारतीय वंशाच्या नटांनी १९९८ मध्ये दूरचित्रवाणीवर एक प्रवेश केला. मुंबईतली टोळकी मद्य पिऊन इंग्रजी खाणावळीत जातात आणि वाढप्याच्या नावाची मोडतोड करीत सर्वांत मिळमिळीत पदार्थ मागतात, असा तो प्रवेश. इंग्रज माणूसही त्याला मनमुराद हसला. त्याचे काय गेले? दुसऱ्या दिवशी त्याला घर नाकारायला कोणी बसले नव्हते.

आता आपल्या घराकडे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ‘द सिम्पसन्स’ या व्यंगचित्र मालिकेतला दुकानदार अपू खुपत असे. त्याचा आवाज एका गोऱ्या नटाचा, आणि शाळेतली पोरे तोच हेल काढून आपल्या मुलांना चिडवीत. हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदकाराने २०१७ मध्ये त्यावर माहितीपट काढला. २०२० मध्ये त्या नटाने ती भूमिका सोडली. हे योग्यच झाले. परंतु १९६८ च्या ‘पडोसन’ चित्रपटात मेहमूदने शेंडी आणि हेल यांच्या बळावर मद्रासी संगीत शिक्षक उभा केला, तेव्हा मुंबईतली तीच कुटुंबे खुर्चीतून खाली पडेपर्यंत हसली होती. मेहमूदचे काम अव्वल होते हे मी नाकारीत नाही, मीही हसलो आहे. पण त्या वर्षांत मुंबईत काय चालले होते? १९६० मध्ये ‘मार्मिक’ हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक निघाले. कार्यालयांतल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली तेथेच छापल्या जाऊ लागल्या. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली. लुंगी हटवून पुंगी वाजवण्याची घोषणा यमकात होती आणि ऐकताना हसू येई, म्हणूनच ती पोरासोरांच्या तोंडी बसली. उडप्यांची उपाहारगृहे फुटली. मराठी तरुण खरोखरच बेकार होता. ती तक्रार खोटी नव्हती. पण गिरणीमालकाकडे मागायची मजुरी त्याला लुंगीवाल्याच्या फजितीच्या रूपाने चुकती करण्यात आली, आणि गिरणगावातली लाल बावट्याची ताकद त्या काळात कशी खचत गेली, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मग बंदी घालावी काय? माझा कल नाही. ब्रिटनने १९६५ मध्ये वंशविद्वेष भडकवणे हा गुन्हा ठरवला आणि १९६८ मध्ये नोकरी, घर व सार्वजनिक सेवा यांत वंशावरून डावलणे बेकायदा ठरवले. या दोहोंत मला दुसरा कायदा अधिक मोलाचा वाटतो. ज्याला घर आणि नोकरी मिळते, त्याला हशाचे उत्तर हशाने देण्याची ऐपत येते.

अखेरीस एक कबुली द्यायची आहे. नव्वदीच्या दशकात मी ज्या महाविद्यालयात शिकवत होतो, तेथे माझ्या पदव्युत्तर वर्गात एक सुदानी विद्यार्थी होता. स्नेहसंमेलनात पोरांनी एक नाटुकले केले. तोंडाला काजळ फासलेला एक ‘हबशी’ खोली भाड्याने शोधत हिंडतो आणि घरमालकिणी किंचाळून दार लावतात, एवढेच कथानक. हा शब्द अबिसीनियावरून आला. निजामशाहीचा वजीर होऊन ज्याने महसुलाची घडी बसवली, तो मलिक अंबर तेथलाच. त्याची महसूलपद्धती मी दरवर्षी वर्गात शिकवीत असे. सभागृह दणाणून गेले होते. मी पहिल्या रांगेत होतो आणि हसत होतो. मागे वळून पाहिले तेव्हा तिसऱ्या रांगेत तो विद्यार्थीही हसत होता, आणि मला हायसे वाटले.

पुढच्या आठवड्यात तो माझ्या खोलीवर आला. त्याला भाड्याची जागा सोडायला सांगितली होती आणि नवी मिळत नव्हती. एका घरी बोलणे जुळत आले होते, तेवढ्यात आतून घरमालकाच्या मुलाने नाटुकल्यातली हाक त्याला मारली आणि घरातले सगळे हसले; मग जागा आधीच दिली गेल्याचे त्याला सांगण्यात आले. आता पुढच्या घरमालकासाठी प्राध्यापकाच्या सहीची एक ओळखचिठ्ठी त्याला हवी होती. मी महाविद्यालयाच्या कागदावर ती लिहून दिली. नाटुकल्याविषयी तो काही बोलला नाही, आणि मीही विषय काढला नाही.