घोड्याला कळतं तेवढंच



पोळा जवळ आला की आपल्याकडच्या शाळांत एक निबंध हमखास लिहिला जातो. ‘बैलाचे मनोगत’. मी लातूर जिल्ह्यात मराठी शिकवलं, त्यामुळे असे बैल माझ्या हाताखालून खंडीभर गेले. सुरुवात ठरलेली. शेताच्या बांधावरून जाताना आवाज येतो, इकडेतिकडे पाहावं तर कुणी नाही, आणि मग गोठ्यातला बैल बोलू लागतो. आणि काय बोलतो! भारत हा कृषिप्रधान देश आहे म्हणतो. ट्रॅक्टरचे फायदे-तोटे सांगतो. हरितक्रांती त्याला तोंडपाठ असते. शेवटच्या परिच्छेदात मुक्या प्राण्यांवर दया करा असं तो बजावतो आणि पुन्हा मुका होतो. दहापैकी सात मार्क, आणि पुढची वही.

त्यामुळे नीटच्या शिकवणीसाठी आमच्याकडे राहणाऱ्या भाचीने जेव्हा सांगितलं, ‘मामा, ही कादंबरी घोडा सांगतो, वाचून तर बघा,’ तेव्हा मला पुढचं सगळं दिसू लागलं. घोडा बोलणार, दया मागणार, आपण मान डोलावायची. पण दुपारी लाइट गेलेली, हाताशी दुसरं काही नाही, म्हणून पुस्तक उघडलं. संध्याकाळी चहाला हाक मारली तेव्हा मी ते मिटायला तयार नव्हतो.

पुस्तक तसं नवं नाही. ‘ब्लॅक ब्यूटी’, लेखिका ॲना स्यूएल, प्रकाशन 1877 सालचं. तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी त्याचा संक्षेप वाचला असेल. मी मूळ पुस्तकाबद्दल बोलतो आहे. ॲना चौदा वर्षांची असताना शाळेतून घरी येताना घसरून पडली आणि पायांनी जन्माची अधू झाली. पुढे कुठेही जायचं तर घोडागाडी. आयुष्यभर घोड्याच्या पाठीमागे बसून त्याचे कान, त्याची मान, त्याचा श्वास पाहणारी ही बाई. शेवटच्या वर्षांत अंथरुणाला खिळली. अंगात बळ असेल तेव्हा कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहायची, नसेल तेव्हा सांगायची आणि आई लिहून घ्यायची. पुस्तक निघालं आणि पाचेक महिन्यांत, एप्रिल 1878 मध्ये, ती वारली. हे तिचं एकुलतं एक पुस्तक. तिने ते मुलांसाठी लिहिलंच नव्हतं. मोतद्दार, गाडीवान, ज्यांच्या हातात चाबूक असतो त्यांच्यासाठी लिहिलं. आणि पहिल्या आवृत्तीत स्वतःला लेखिका न म्हणवता घोड्याच्या भाषेतून अनुवाद करणारी म्हणवून घेतलं.

आता मला सुखद धक्का कशाने बसला ते सांगतो. हा घोडा फार थोडं जाणतो.

शिंगरू मोठं झालं, त्याला पहिल्यांदा लगाम घालतात, तो प्रसंग बघा. माणसाने लिहिला असता तर ‘त्याचं स्वातंत्र्य संपलं’ असं काहीतरी लिहिलं असतं. घोडा सांगतो ते एवढंच, की बोटाएवढं जाड, थंडगार लोखंड दातांमधून जिभेवर येतं, त्याची टोकं तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांतून बाहेर निघतात आणि पट्ट्यांनी डोक्यावरून, गळ्याखालून आवळली जातात. ते वाचताना माझी जीभ आपोआप टाळ्याला चिकटली. वेसणीचा बैल मी जन्मभर पाहिला, पण वेसण आतून कशी लागत असेल हा विचार मनाला शिवला नव्हता.

एका प्रकरणात लंडनमध्ये निवडणूक असते. घोड्याला उमेदवाराशी देणंघेणं नाही, पक्षाशी नाही. त्याच्या लेखी निवडणूक म्हणजे रस्त्यावर अलोट गर्दी, दिवसभर धावपळ आणि चंदी नीट खायलाही सवड नाही. त्या धबडग्यात त्याचा गाडीवान, जेरी बार्कर, आजारी पोराला घेऊन दवाखाना शोधणाऱ्या बाईला फुकट नेऊन सोडतो. आमच्याकडच्या बोलक्या बैलाने इथे लोकशाहीवर पानभर लिहिलं असतं.

पण ज्या जागी मी पुस्तक खाली ठेवलं ती जागा जिंजरची. जिंजर ही तांबूस घोडी, सुरुवातीच्या चांगल्या घरातली त्याची सोबतीण. लहानपणी मार खाल्लेली, म्हणून चावरी. पुढे दोघांची ताटातूट होते. काही वर्षांनंतर लंडनच्या गाडीतळावर ती भेटते, हाडं निघालेली, आता लाथ मारण्याचीही इच्छा न उरलेली. त्यानंतर काही दिवसांनी एक मेलेला घोडा गाडीवर टाकून नेताना तो पाहतो. रंग तांबूस, मान लांब आणि बारीक, कपाळावर पांढरा पट्टा. ती जिंजरच होती का? त्याला नक्की कळत नाही. ती जिंजरच असावी असं मात्र त्याला वाटतं, म्हणजे तिचे हाल संपले. आणि लगेच पुढचं प्रकरण सुरू. कुणी रडत नाही.

या पुस्तकात उपदेश नाही असं मी म्हणणार नाही. आहे, आणि काही ठिकाणी नको तेवढा आहे. दारू, रविवारची सुट्टी यांवर माणसं लांबलचक बोलतात आणि घोडा बिचारा ऐकत उभा राहतो. ती पानं मी भराभर उलटली. पण उपदेश बहुधा माणसांच्या तोंडी आहे आणि दुखणं घोड्याच्या अंगावर, हे बाईंनी चांगलं सांभाळलं आहे. त्या काळी श्रीमंतांच्या बग्ग्यांना एक जादा लगाम असायचा, घोड्याची मान उंच ताठ दिसावी म्हणून. ओझं ओढणाऱ्या जनावराला चढावर मान खाली घालून अंगाचा भार पुढे टाकावा लागतो, हे आपल्याकडे ऊस भरलेली गाडी कारखान्याच्या वाटेवर पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. मानच वर बांधली तर पाठ मोडते, दम कोंडतो. ही फॅशन नंतर मागे पडली, त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा मानतात. ॲनाच्या अंत्ययात्रेतल्या घोड्यांचे ते लगाम तिच्या आईने काढायला लावले होते.

वाचताना मला सारखं माळेगाव आठवत होतं. लोहा तालुक्यातलं माळेगाव, मार्गशीर्षातली खंडोबाची यात्रा. घोड्यांच्या बाजारात आपण काय करतो? जबडा उघडून दात बघतो, खूर उचलतो, पायावरून हात फिरवतो, अंगावरचे भोवरे तपासतो. गळ्याला देवमणाचा भोवरा असला की भाव चढतो. दलाल उपरण्याखाली बोटं धरतात आणि सौदा ठरतो. या कादंबरीतही घोड्यांचा बाजार आहे, फक्त नजर उलटी आहे. इथे घोडा गिऱ्हाईक पारखतो. तो दात बघत नाही, हात बघतो. कुणाचा हात धसमुसळा, कुणाचा हात आधी मानेवर थोपटून मग तोंडाकडे जाणारा. मोठ्या आवाजाचा एकजण त्याला घेऊ पाहतो आणि घोड्याच्या पोटात गोळा येतो. मऊ आवाजाचा, राखाडी डोळ्यांचा जेरी दीडेक पौंड चढवून बोलतो आणि सौदा जिंकतो. पुढच्या यात्रेत घोड्यांच्या रांगेसमोरून जाताना आपलाही हात तिकडून पारखला जातोय हे माझ्या ध्यानात राहील.

नांदेडला घोड्याला मान मोठा. तख्त सचखंड हजूर साहिबच्या तबेल्यातले घोडे गुरु गोविंदसिंगांच्या घोड्याच्या वंशातले मानले जातात, आणि होळी-दसऱ्याच्या हल्लाबोल मिरवणुकीत ते सजून निघतात. त्याच नांदेडात टांग्याचेही घोडे होते. सजलेल्या घोड्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. ॲनाबाईंनी टांग्याच्या घोड्याला बोलतं केलं.

जनावराने बोलणं मराठवाड्याला काही नवं नाही. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखी वेद वदवले अशी आपली श्रद्धा आहे, आणि त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातल्या आळ्याला आजही दाखवतात. पण रेडा बोलला ते वेद बोलला, स्वतःचं काही बोलला नाही. त्याच पैठणच्या सातवाहन राजाशी जोडलेली गुणाढ्याची कथा मला याहून जवळची वाटते. राजाने त्याची पैशाची भाषेतली बृहत्कथा नाकारली, तेव्हा तो रानात जाऊन एकेक पान मोठ्याने वाचायचा आणि अग्नीत टाकायचा. भोवती हरणं, डुकरं, रेडे चरायचं सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत बसली. जनावरं रोडावली, राजवाड्यात येणारं मांस कोरडं पडलं, राजा आजारी झाला, आणि चौकशी करत करत तो गुणाढ्यापाशी पोहोचला. सोमदेवाच्या कथासरित्सागरात ही कथा आहे. गोष्टीचे पहिले जाणकार श्रोते गोदाकाठच्या रानातले प्राणी होते, असं म्हणायला आपल्याला हरकत नाही.

आधुनिक साहित्यात कृष्णचंदरांचं उर्दूतलं गाढव प्रसिद्ध आहे. ते वर्तमानपत्र वाचतं, दिल्लीला जाऊन थेट पंडित नेहरूंना भेटतं. मजा येते, पण ते गाढवाचं कातडं पांघरलेला माणूस आहे हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असतं. मराठीत व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ आहे, वानरांच्या टोळ्यांची गोष्ट. 1983 साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी माडगूळकर इथे लातूरशेजारी अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. कादंबरी अव्वल आहे, पण सांगणारा माणूस आहे, झाडाखाली बसून बारकाईने पाहणारा.

म्हणजे जनावराने स्वतः, स्वतःपुरतं सांगितलेली आपली कादंबरी निदान माझ्या वाचनात अजून आलेली नाही. आणि ती आपल्याच भागातून यायला हवी. देवणीचा वळू इथला, कंधारची लाल गुरं इथली. वानेरा, बालंक्या, शेवरा असे अंगावरच्या रंगावरून देवणीचे प्रकार ओळखणारी माणसं इथली. हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार इथला. खांदेमळणीच्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळून उद्याच्या जेवणाचं आवतण देणारे आपणच. त्या आवतणावर बैलाचं काय म्हणणं आहे, हे मात्र मी कुठे वाचलेलं नाही.

शिक्षक मित्रांना एक विनंती करतो आणि थांबतो. यंदाच्या पोळ्याला बैलाचं मनोगत जरूर लिहून घ्या. मुलांना एवढीच अट घाला, की बैलाला जे दिसतं, ऐकू येतं, वास येतो आणि दुखतं, तेवढंच लिहायचं. कृषिप्रधान देश लिहिला की दोन मार्क कापायचे.