आपलीही आणि त्यांचीही गोष्ट



आप्रवासी घाटाच्या १६ पायऱ्या चढून आलेल्या आपल्या पूर्वजांना ‘कुली’ म्हणून हिणवले गेले. ती सल आपण अजून सांगतो. पण आपल्याच काही घरांत क्रिओल शेजाऱ्यांच्या हातचे पाणी चालत नसे, हे मात्र सांगत नाही.

मोक्याच्या दफ्तरातून मिळालेला पणजोबांचा क्रमांक, जहाज आणि रत्नागिरीकडचे गाव आम्ही शेजारच्या क्रिओल आजींना दाखवले. त्या म्हणाल्या, “तुम्हाला गाव तरी सापडलं. आमच्या माणसांची तर नावंही मालकांनी ठेवलेली.”

आम्ही गप्प झालो. १८३५ साली गुलामी संपली. त्यांनी घाम गाळलेल्या उसाच्या मळ्यांतच आपण राबलो.

म्हणून २ नोव्हेंबरला त्यांना घाटावर बोलावू या आणि १ फेब्रुवारीला ल मॉर्नच्या पायथ्याशी त्यांची गोष्ट ऐकायला जाऊ या.